तवंगाला सावर, विरघळलेल्याला करवंटी

पाण्यातलं तेल काढायला वनस्पतीजन्य कार्बन वापरायचा, तर आपल्याकडे दोन पर्याय आहेत: करवंटीचा सक्रिय कोळसा (म्हणजे मुद्दाम बारीक छिद्रं पाडलेला) आणि ऑक्सिजनशिवाय भाजलेला सावरीचा कापूस. दोन्ही काळेच, पण कामं वेगळी.

करवंटीचा कोळसा घरच्या वॉटर फिल्टरमध्येही असतो. एका ग्रॅमच्या छिद्रांचं पृष्ठफळ साधारण 1000 चौरस मीटर भरतं. पण ही छिद्रं बहुतेक 2 नॅनोमीटरहून लहान. तेलातून पाण्यात विरघळलेले बेन्झीनसारखे रेणू त्यात छान अडकतात, जाड तेल मात्र तोंडाशीच बसून वाट बुजवतं. शिवाय हे दाणे भिजले की बुडतात आणि तवंग राहतो वर!

सावरीचं तसं नाही. तंतू आतून पोकळ, वर मेणाचा थर. वाटीभर पाण्यावर चमचाभर गोडेतेल ओता आणि उशीतला चिमूटभर कापूस टाका (उशी खरंच सावरीची हवी). तो तरंगत तेल पितो, पाण्याला शिवतही नाही. भाजल्यावर मेण जातं, पण उरलेला कार्बन पाणी झटकतो आणि उष्णताही सोसतो. खोट एवढीच की वजन खूप घटतं आणि तंतू ठिसूळ होतात. पिळायला गेलं की चुरा.

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजं धडकली आणि इंधन तेल खारफुटीत शिरलं. तसल्या चिकट तेलापुढे दोन्ही अपुरे. बंदरातल्या डिझेलच्या तवंगाला मी सावरच घेईन, तीही बहुधा न भाजता. करवंटी त्यानंतर, गाळलेल्या पाण्यासाठी.