८५८डी हॉट एअर मशीन: लॅपटॉपच्या बोर्डाला घरी हीट मारायला कितपत कामाचं?

८५८डी या नावाचं हॉट एअर मशीन अनेक ब्रँडच्या नावांखाली विकलं जातं, पण आतली रचना जवळपास सारखीच असते. साधारण ७०० वॉटचा हीटर, हँडलमध्येच पंखा, १०० ते ४८० अंश तापमान आणि सोबत तीन नोझल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत येणारी बरीच गिऱ्हाइकं ते डिस्प्ले गेलेल्या लॅपटॉपच्या ग्राफिक चिपला हीट मारायला, म्हणजे गरम हवेने तापवून ती पुन्हा चालू करायला घेतात. नेमकं त्याच कामात ते तोकडं पडतं.

त्यात दोष मशीनपेक्षा चिपचा जास्त. जुलै २००८ मध्ये ग्राफिक चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने सदोष लॅपटॉप चिपांच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. एचपीचे डीव्ही६००० आणि डीव्ही९०००, डेलचा एक्सपीएस एम१३३० हे त्यातले नेहमी दिसणारे लॅपटॉप. या चिपांमध्ये तडा जातो तो चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या सोल्डरच्या बॉलला नव्हे, तर वरच्या सिलिकॉनखालच्या बारीक बम्पला, म्हणजे सोल्डरच्याच छोट्या ठिपक्यांना. हे ओळखणं अवघड नाही. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतं, आणि अशी चिप १५० अंशांना तापवली तरी जागी होते. म्हणजे बॉल वितळलेच नाहीत, फक्त आतली भेग पुन्हा टेकली. ती कधी चार दिवस टेकून राहते, कधी दोन-तीन महिने. अशा चिपचं रिबॉलिंग (खालचे बॉल काढून नवे बसवणं) केलं तरी पैसे वाया जातात. चिपच बदलावी लागते. आणि डेटासाठी तर हा खटाटोप नकोच, हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावता येते.

हीट मारण्याआधी मल्टिमीटर लावा. चार्जरकडून येणारी १९ व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट असेल तर बहुधा एखादा कपॅसिटर किंवा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेलेला असतो. चिप कितीही तापवली तरी उपयोग नाही.

तरी करायचंच असेल तर बॅटरी, सीमॉस सेल (बोर्डावरचा छोटा गोल सेल), रॅम आणि हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आजूबाजूचे कनेक्टर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉइलने झाका. चिपच्या कडेला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, कारण मशीनवरचा आकडा नोझलमधल्या हवेचा असतो. दोन-तीन सेंटिमीटरवर तो बराच उतरतो. सर्वांत मोठं नोझल लावून गोल फिरवत राहा आणि तापमान सेकंदाला एक-दोन अंशांनीच चढू द्या. एका जागी धरलंत तर बोर्ड फुगतो किंवा वाकतो. ओल धरलेली चिप तर आतून फुटते. बोर्ड हात लावण्याइतका थंड होईपर्यंत जागचा हलवू नका. खालून १००-१२० अंशांचा प्रीहीटर नसेल तर वरून कितीही हवा मारली तरी बॉलपर्यंत सारखी उष्णता पोचत नाही, आणि हीच ८५८डीची खरी मर्यादा. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये बोर्ड मुळीच भाजू नका. फ्लक्सचा (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात त्या रसायनाचा) आणि प्लास्टिकचा धूर आत बसतो, त्यात पुन्हा अन्न शिजतं.

चार्जिंग सेक्शनचे मॉसफेट, शॉर्ट झालेले कपॅसिटर, आठ पायांची बायोस आयसी (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम ठेवणारी चिप) यांसाठी मात्र हे मशीन उत्तम. थोडा फ्लक्स, ३२० ते ३५० अंश, मध्यम हवा, आणि भाग चिमट्याने अलगद उचलला जातो. हँडल स्टँडवर ठेवलं की हीटर बंद होतो, पंखा मात्र हवा थंड होईपर्यंत चालतो. तोवर मेन स्विच बंद करू नये, हीटर लवकर जातो.

स्वस्त नगांत एक धोका आहे. काहींत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो, काहींत हँडलला अर्थिंगच नसतं. दुकानातच प्लगची अर्थिंगची पिन आणि नोझल यांच्यात मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोडणी सलग आहे का) पाहा. बीप आला नाही तर तो नग परत द्या.