शेगडीचं काम घरीच करायचं की मिस्त्री बोलवायचा?

दारव्ह्याजवळच्या खेड्यातून भाच्याचा फोन आला. गॅसची नळी बदलायची आहे, गॅसचा गिझर बसवायचा आहे, आणि मिस्त्री तालुक्याहून दोन दिवसांनी येणार. "मामाजी, मीच करून टाकू का?"

पैशाचं म्हणाल तर घरचं काम स्वस्त, मजुरी वाचते. कापूस वेचणीच्या दिवसांत वेळही वाचतो.

पण धोका बघा. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की खाली ओट्याच्या कोपऱ्यात साचून राहतो. म्हणून सिलिंडर बदलताना तोंडातली रबरी रिंग जागेवर आहे का पाहायची, रेग्युलेटर बसवून सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे फुगले की लगेच बंद करायचं. एवढं माझी आईसुद्धा करते, घरातल्या प्रत्येकाला आलंच पाहिजे. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची.

गिझरचं मात्र वेगळं. एलपीजीला मुद्दाम वास दिलेला असतो, पण कोंदट जागेत गिझर जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीत माणूस आंघोळ करता करता कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. गॅसचा गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

तेव्हा सिलिंडर बदलणं, फेस लावून तपासणं घरी करा. नळी, शेगडीची दुरुस्ती आणि गिझर मिस्त्रीकडेच, दोन दिवस चुलीवर भाकरी थापावी लागली तरी. गॅसचा वास आलाच तर विजेचं बटण दाबू नका, बाहेर पडा आणि गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६ लावा.