लग्नाच्या सीड्या, अँड्रॉइड बॉक्स आणि अमळनेरची लाइट : वापरानंतरचा अनुभव

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घेतलेला, टीव्हीला जोडायचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स दिवाळीपर्यंत रोज वापरून झाला, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतो, कारण या किमतीतले सगळे बॉक्स आतून एकमेकांचे मावसभाऊच असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४के लिहिलंय आणि ४के चालतंही छान. पण आमच्या घरात ते बघतं कोण? आमच्याकडे कपाटभर लग्नाच्या व्हीसीडी, साखरपुड्याच्या डीव्हीडी आणि अहिराणी गाण्यांच्या सीड्या आहेत. जुना प्लेअर बंद पडला, दुरुस्तीवाल्याने हात वर केले, तेव्हा सगळं हार्डडिस्कवर घेऊन टीव्हीवर बघायचं ठरलं. त्यामुळे हा बॉक्स जुनं किती नीट दाखवतो, एवढंच मी तपासलं.

व्हीसीडीतला व्हिडिओ ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डॅट फाइल म्हणून असतो. बॉक्ससोबत आलेल्या प्लेअरला ती फाइल दिसतच नाही. नावाच्या शेवटी डॅटच्या जागी एमपीजी केलं की मुकाट्याने चालते! म्हणजे चालवता येतं, फक्त ओळखायचं नाही. एका व्हीसीडीत ७४ मिनिटं मावतात, त्यामुळे कुठलंही लग्न दोन-तीन सीड्यांत तुटलेलं असतं. त्यावर इलाज नाही, फाइलींना क्रमाने नावं द्या. तेही ०१, ०२ असे आकडे घालून, नाहीतर १ नंतर १० येतो आणि हळदीच्या आधी पाठवणी होते.

चित्र ३५२ बाय २८८चं, ते ४३ इंची टीव्हीवर धूसर दिसणारच. ती तक्रार नाही. तक्रार ही की बॉक्स ते आडवं ताणून पडदाभर करतो आणि घरातली सगळी माणसं जाड दिसतात. मूळ प्रमाण ४:३ ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण प्रत्येक फाइलला पुन्हा द्यावी लागते. काकू म्हणाल्या, "तेव्हा मी एवढी नव्हते रे." बरोबरच आहे त्यांचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते झटक्यांनी. वरातीत कॅमेरा एका बाजूने दुसरीकडे फिरला की चित्र अडखळायचं, घोडा थबकत थबकत पुढे सरकल्यासारखा. आधी वाटलं डिस्क खराब, मग वाटलं बॉक्सचा दम कमी. दोन्ही नाही. आपल्याकडचं जुनं चित्रण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं. बॉक्स टीव्हीला ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र पाठवतो. ६०ला २५ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा आणि काही तीनदा दाखवली जातात. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडलं आणि घोडा सरळ चालायला लागला. काही बॉक्समध्ये व्हिडिओप्रमाणे हा दर आपोआप बदलायची सोय असते, माझ्यात ती नावालाच आहे. खोक्यावर हे कुणी छापत नाही, आणि पुस्तिकेतही एक ओळ नाही.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी. तिथे चित्रपट एक-एक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतो, आणि लायब्ररी करणारं, म्हणजे व्हिडिओंची पोस्टरसकट यादी मांडणारं, सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा वेगळा सिनेमा समजतं. मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने तुकडे जोडून एकच फाइल करून घेतली. दर्जा जात नाही, वेळही फार लागत नाही. पेनड्राइव्ह मात्र फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही.

आवाजाबद्दल. भाच्याने आणलेल्या काही सिनेमांत चित्र येतं, आवाज नाही. आजी विचारते, "हाई काय व्हयनं रे?" (हे काय झालं रे?) त्या फाइलींत डीटीएस नावाच्या पद्धतीने साठवलेला आवाज असतो. तो उलगडण्याचे परवान्याचे पैसे कंपनीला भरावे लागतात, म्हणून स्वस्त बॉक्समध्ये आणि कित्येक टीव्हींतही ती सोय ठेवत नाहीत. व्हीएलसी हे फुकट प्लेअर ॲप टाकलं की हा प्रश्न संपतो, कारण ते आवाज स्वतःच उलगडतं. फक्त ते अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. २०२२मध्ये त्याचं संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होतं, तेव्हापासून इकडून-तिकडून उतरवायची सवय लोकांना लागली, ती बरी नाही.

मराठी सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन केलेली हवी, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग येते. एवढं करूनही बॉक्सच्या मूळ प्लेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते. हे अपडेटनंतरही सुधारलेलं नाही.

आता लाइट. आमच्याकडे ती जाते-येते, त्यात नवल नाही. पण इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात बॉक्स पुन्हा सुरू होतो आणि हार्डडिस्क कधी कधी ‘दुरुस्त करा’ म्हणते. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, त्याने इन्व्हर्टर जास्त पटकन बॅटरीवर जातो; ते लावल्यावर बॉक्स बंद पडत नाही. मात्र गावाकडे व्होल्टेज पडतं तिथे हा मोड सारखा बॅटरीवर जातो, त्यामुळे शेतातल्या घरी मी तो लावत नाही. डिस्कचं फॉरमॅटही एक्सफॅट होतं, ते बदलून एनटीएफएस केलं, तेव्हापासून तिची कुरकुर कमी आहे.

मे महिन्यात ४४-४५ अंशांत बॉक्स टीव्हीच्या मागे ठेवला की चित्र अडकतं. बाहेर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवला तर ठीक चालतो.

लायब्ररीसाठी जेलिफिन हे फुकट सॉफ्टवेअर लावलंय. घरगुती व्हिडिओंचा विभाग ‘होम व्हिडिओ’ म्हणूनच बनवा, चित्रपट म्हणून नाही. चित्रपट म्हटलं की ते इंटरनेटवर नाव शोधून कुठल्या तरी परदेशी सिनेमाचं पोस्टर कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) मिरवणुकीला चिकटवतं.

नुसते ओटीटी बघणाऱ्याने हा बॉक्स बिनधास्त घ्यावा. कपाटात सीड्या असतील त्यांनी जळगावला गोलाणी मार्केटात जाताना पेनड्राइव्हवर एक डॅट, एक व्हीओबी, एक डीटीएसवाली फाइल आणि एक मराठी सबटायटल न्यावं, आणि पैसे देण्याआधी दुकानातल्याच टीव्हीवर लावून बघावं. दुकानदार कंटाळला तरी चालेल.