पहिला प्रस्ताव कुठे टाकायचा : अ‍ॅस्ट्रोसॅट की हबल?

अवकाश दुर्बिणीवर वेळ मागायला सोलापुरातून अर्ज करता येतो, यावर आमच्याकडच्या पोरांचा अजूनही विश्वास बसत नाही. इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोसॅटला करता येतो आणि हबललाही. शुल्क दोन्हीकडे नाही. विषय अतिनील प्रकाशातला असेल, तर खरा प्रश्न पहिला अर्ज कुठे करायचा एवढाच.

आरसे मोजले तर सामना एकतर्फी आहे. हबलचा २.४ मीटर, अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचा ३७.५ सेंटिमीटर; मोठ्या कडक भाकरीएवढा म्हणा. हबल विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दहाव्या भागापर्यंत तपशील दाखवते, इकडे दीड विकलेला गाडी थांबते. पण आवाका बघा. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एका चौकटीत २८ कला (६० कलांचा एक अंश), म्हणजे जवळपास पूर्ण चंद्र मावतो. हबलच्या अतिनील कॅमेऱ्यात २.७ कला. जवळची पसरट दीर्घिका हबलने टिपायची म्हणजे चादर हवी असताना रुमाल जोडत बसणं. उलट, तारकागुच्छाच्या गाभ्यात खेटून बसलेले तारे सुटे करायचे असतील, तर हबलशिवाय इलाज नाही. निकट-अतिनील, म्हणजे दृश्य प्रकाशाला लागून असलेला अतिनील, हवा असेल तरीही तिकडेच जा, कारण अ‍ॅस्ट्रोसॅटची ती वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली.

अ‍ॅस्ट्रोसॅटची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे : अतिनील आणि क्ष-किरण उपकरणं एकाच वेळी एकाच दिशेला बघतात. झपाट्याने तेज बदलणाऱ्या स्रोतासाठी याला तोड नाही.

हबलकडे मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते, त्यात जून २०२४ पासून ती एकाच जायरोवर (दुर्बिणीची दिशा सांभाळणाऱ्या उपकरणावर) चालते. मात्र २०१८ पासून तिथे परीक्षकांना अर्जदाराचं नाव-गाव कळत नाही. सोलापूर की हार्वर्ड, कागदावर सारखंच. फक्त 'आम्ही आधी दाखवल्याप्रमाणे' असं लिहायचं नाही. स्वतःच्या शोधनिबंधाचाही उल्लेख परक्यासारखा करायचा. मराठी माणसाला हे जड जाऊ नये.

अ‍ॅस्ट्रोसॅटला तांत्रिक छाननी कडक असते. माझा पहिला अर्ज विज्ञानामुळे नाही, चौकटीच्या कडेला असलेल्या एका तेजस्वी ताऱ्यामुळे परत आला. असा तारा अतिनील शोधकाला इजा करू शकतो, आणि मी तो तपासलाच नव्हता. तेव्हा आधी तेजस्वी ताऱ्यांची तपासणी, मग तुमचा स्रोत वर्षात कधी दिसतो ते, मग किती सेकंद लागतील याचं गणित. प्रस्तावना शेवटी लिहा. अडलात तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत अ‍ॅस्ट्रोसॅटचा मदत कक्ष आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालं की संध्याकाळी त्याच गाडीने परत. हबलचं विज्ञान केंद्र आहे त्या अमेरिकेतल्या बाल्टिमोरला असं जाता येत नाही.

म्हणून पहिला अर्ज अ‍ॅस्ट्रोसॅटला करा, गाभ्यातले तारे आणि निकट-अतिनील सोडून. आणि त्याआधी दोन्हींचे डेटासंग्रह उघडून तुमचा स्रोत शोधा. कुणीतरी आधीच बघून ठेवला असेल, तर अर्जाची गरजच नाही. डेटा उतरवा आणि कामाला लागा.