दहा इंची टेबल सॉ : मोटर पास, फेन्स काठावर

घरच्या वर्कशॉपसाठी मिळणाऱ्या दहा इंची (२५४ मि.मी.) बेंचटॉप टेबल सॉची (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणाऱ्या छोट्या यंत्राची) मोटर सहसा दगा देत नाही. १८ मि.मी. प्लाय असो की इंचभर सागवान, पाते अडत नाही. रड आहे ती फेन्सची, म्हणजे फळी ज्याला टेकवून पात्याकडे ढकलतात त्या सरकत्या आडोशाची.

दुकानातच तपासून घ्या. फेन्स लॉक करा आणि मागचे टोक अंगठ्याने बाजूला दाबा. हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या फेन्समध्ये डोके टेबलाच्या पुढच्या रेलवर (आडव्या दांड्यावर) गच्च बसते, शेपूट मात्र हलते. मागचा हूक स्प्रिंगवर असतो, तो जेमतेम धरतो. फळी रेटली की शेपूट सरकते. ते पात्याकडे सरकले, तर फळी पाते आणि फेन्सच्या मध्ये चिमटते, मागचे वर येणारे दात तिला उचलतात आणि ती थेट चालवणाऱ्याच्या पोटावर येते. चिरलेल्या कडेवर तपकिरी जळका पट्टा दिसला की आधी पात्याच्या धारेला दोष देतात. बऱ्याचदा गुन्हेगार फेन्स असतो.

सेटिंगला अर्धा तास पुरतो. आधी प्लग काढा. पाते मायटरच्या खाचेला (टेबलावर पुढून मागे जाणाऱ्या खाचेला) समांतर आहे का पाहा: एका दातावर खूण करा, तोच दात पुढे आणि मागे फिरवून दोन्हीकडे खाचेपासूनचे अंतर मोजा. हे जमल्याशिवाय फेन्सला हात लावण्यात अर्थ नाही. मग खाचेत घट्ट बसणारी सरळ पट्टी घाला आणि फेन्स तिला टेकवून लॉक करा. साधा झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. तो मागच्या टोकाला पट्टी आणि फेन्सच्या मध्ये घासत आत जायला हवा, पुढे मुळीच नको. मागची फट पात्यापासून लांब चालते, जवळ कधीच नाही. बहुतेक मॉडेलमध्ये फेन्सच्या डोक्यावर दोन एलन बोल्ट असतात. ते ढिले करून फेन्स जुळवा, लॉक करा, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम पिळला की डोके फिरते आणि पुन्हा पहिल्यापासून. मागच्या हुकाचा नट पाव फेरा आवळून बघा. जास्त आवळला तर लॉक करताना फेन्सच वाकतो. थरथरीने बोल्ट ढिले होतात, म्हणून आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. लाल नको, पुढच्या वेळी गरम केल्याशिवाय निघणार नाही.

एवढ्याने शेपूट थांबली नाही तर मागे सी-क्लॅम्प मारा. डायकास्ट टेबलाखाली फासळ्या असतात, त्यावर क्लॅम्प घसरतो. मध्ये लाकडाचा ठोकळा द्या. मॅग्नेटने चिकटणारे जिग (फळी धरणारी साधने) इथे निरुपयोगी, टेबल अ‍ॅल्युमिनियमचे आहे.

कोल्हापूरकरांना आणखी एक वाट आहे: उद्यमनगर, तिथली कारखान्यांची वसाहत. पण तिथे नव्या फेन्ससाठी ५०×५०×५ मि.मी.चा लोखंडी अँगल सांगू नका. तो मीटरला ३.८ किलो भरतो आणि बेंचटॉपची पातळ रेल त्याने झुकते. ५०×५०×३ चा अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइप घ्या, मीटरला दीड किलो. पात्याकडची बाजू मिलिंगवर सपाट करून घ्या, अगदी हलका हात मारायला सांगा. मुळात भिंत ३ मि.मी.चीच आहे. मग हा पाइप जुन्या फेन्सला बोल्टने जोडा.

फेन्सला प्लायची जादा भिंत लावणार असाल तर दोन्ही बाजूंना आणि कडांना पॉलिश द्या. नुसता दर्शनी भाग रंगवला की आपल्याकडच्या पावसात जूनअखेर ती धनुष्यासारखी वाकते आणि सगळे सेटिंग वाया जाते.

पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (चीर उघडी ठेवणारी पातळ उभी पट्टी) मात्र काढू नका. फेन्स कितीही नीट बसवला, तरी आतून ताणलेल्या फळीची चीर स्वतःच मिटते आणि पात्याला चिमटते.

मोटरला चार तारे, फेन्सला दोन. फेन्स असा जुळवून घेतला, तर तीन.