‘द थर्टी-नाइन स्टेप्स’: डिस्क घ्या, पुस्तकही घ्या

हिचकॉकचा १९३५ चा हा कृष्णधवल पाठलागपट मी आजवर मोबाइलवर, कुठल्यातरी धुरकट प्रतीत पाहत आलो. आता डिस्कवर पाहिला आणि स्कॉटलंडच्या माळावरचं धुकं कुठलं नि प्रतीवरचा मळ कुठला, ते कळलं. मोलकरणीला प्रेत दिसतं, ती तोंड उघडते आणि किंकाळीच्या जागी आगगाडीची शिट्टी! ती जागा लगेच मागे नेऊन पुन्हा पाहिली. आवाज अधूनमधून खरखरतो. इतक्या जुन्या ध्वनिपट्टीला तेवढं माफ. सबटायटल्स मात्र विनोदाच्या आधीच उमटतात, ते माफ नाही.

जॉन बकनची १९१५ ची कादंबरी आधी वाचली असली तरी मजा कमी होत नाही. एकाच बेडीत अडकलेले नायक-नायिका पुस्तकात नाहीतच; मुळात नायिकाच नाही. मिस्टर मेमरी हा स्मरणशक्तीचे खेळ करणारा कलावंतसुद्धा सिनेमावाल्यांची भर. उलट नायक हॅने रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुराचं सोंग घेऊन शत्रूला चकवतो, तो झकास प्रसंग पुस्तकातच मिळेल. कादंबरी छोटीशी, सिनेमा दीड तासाच्या आत. डिस्कवरचं तज्ज्ञाचं भाष्य पहिल्या खेपेला बंदच ठेवा, गृहस्थ शेवट फोडून मोकळे होतात.