सर्ज रोखायला काय बरं: ठरावीक किमान प्रवाह की सर्ज रेषेचा माग?

सेंट्रिफ्युगल कंप्रेसर म्हणजे फिरत्या चाकाने (इंपेलरने) वायू दाबणारं मशीन. त्यातला प्रवाह फार कमी झाला की इंपेलरला पुढचा दाब पेलवत नाही आणि वायू उलटा फिरतो. हाच सर्ज. असा एक झोका अनेकदा एक-दोन सेकंदांतच पूर्ण होतो आणि त्याचा मार थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा लांबीच्या दिशेचा जोर पेलणारं), सील (वायूची गळती रोखणारं) यांच्यावर बसतो. ऑपरेटरचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोहोचेस्तोवर उशीर झालेला असतो.

पहिला मार्ग सोपा: किमान प्रवाहाचा एक आकडा ठरवा, त्याखाली गेलं की पीआयडी कंट्रोलर (ठरवलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतल्या फरकावरून व्हॉल्व्ह हलवणारा) रिसायकल व्हॉल्व्ह, म्हणजे दाबलेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह, उघडेल. एकाच वेगाने, एकाच वायूवर चालणाऱ्या मशीनला हे पुरतं.

पण वेग बदलला की सर्जचा बिंदूही सरकतो. कमाल वेगासाठी धरलेला आकडा कमी वेगावर विनाकारण वायू फिरवत ठेवतो. दाबलेला वायू परत सक्शनला (आत येण्याच्या बाजूला) सोडणं म्हणजे वीज किंवा वाफ वाया घालवणं. मला हे फार खटकतं.

दुसऱ्या मार्गात कंट्रोलर सक्शनचा दाब, डिस्चार्जचा (बाहेर जाण्याच्या बाजूचा) दाब आणि प्रवाह यांवरून मशीन सर्ज रेषेपासून, म्हणजे वेगवेगळ्या वेगांचे सर्ज बिंदू जोडणाऱ्या रेषेपासून, किती लांब आहे ते सतत मोजतो. साधारण १० टक्के अंतर राखतो आणि मशीनचा चालू बिंदू झपाट्याने रेषेकडे सरकू लागला तर व्हॉल्व्ह आधीच उघडतो. खर्च जास्त, शिवाय सर्ज रेषा प्रत्यक्ष चाचणीने तपासावी लागते. तरीही टर्बाइनवर चालणाऱ्या, वेग बदलणाऱ्या कंप्रेसरला मी हाच सुचवेन. मात्र ट्रान्समीटर (दाब, प्रवाह मोजून कंट्रोलरला कळवणारा) सुस्त किंवा व्हॉल्व्ह अडखळणारा असेल तर दोन्ही मार्ग सारखेच निकामी.